तिसऱ्यांत वाळू आणि बिलात सेवा शुल्क

प्रश्न : ह्यांच्या निवृत्तीनिमित्त आम्ही चौघं घराजवळच्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये गेलो. तिसऱ्या (शिंपल्या) घातलेली स्पॅगेटी मागवली. ती अर्धी कच्ची वाटली आणि घासाघासाला वाळू कचकचली. वर घालायला चीज मागितलं, तर वेटर म्हणाला, "ह्यावर चीज घालत नाहीत." रिझोटो पाच मिनिटांत आला, पण भाताचा नुसता गोळा. बिलात दहा टक्के सेवा शुल्क आधीच जोडलेलं. हे म्हणतात, त्यापेक्षा घरी तिसऱ्यांचं सुकं केलं असतं. आम्हाला खायला कळलं नाही, की त्यांना करायला?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, मी तारवटी माणूस. उमेदीची वर्षं बोटीवरच्या किचनात, इटालियन शेफच्या शिव्या खात गेली. तेव्हा थोडं तुमच्या बाजूने बोलतो, थोडं त्यांच्या.

वाळूला माफी नाही. आपल्या नद्यांच्या मुखाशी मिळणाऱ्या तिसऱ्या रेतीत, चिखलात रुतून असतात. लिटरभर पाण्यात तीसेक ग्रॅम मीठ, म्हणजे जवळपास समुद्राइतकं खारं पाणी करून त्यात त्या काही तास अंधारात ठेवल्या, की पोटातली वाळू आपणच ओकतात. साध्या पाण्यात ठेवल्या तर मरतात. तुम्ही घरी विळीवर एकेक शिंपली उघडता, वाळू असली तर तिथेच दिसते. ह्या इटालियन प्रकारात लसणीच्या तेलात व्हाइट वाइन ओतून झाकण ठेवतात आणि शिंपल्या आचेवरच उघडतात. म्हणजे आत जे असेल ते थेट रसात. तो रस फडक्यातून गाळून घ्यायचा असतो. त्या रात्री ह्यातलं काहीच झालेलं दिसत नाही.

स्पॅगेटी कच्ची होती का, हे मात्र इथे बसून सांगता येणार नाही. इटलीत १९६७ पासून कायद्यानेच सुका पास्ता ड्युरम नावाच्या कडक गव्हाचाच करावा लागतो, आणि तो शिजल्यावरही दाताखाली किंचित अडायलाच हवा. आपल्या शेवयांसारखा लुसलुशीत झाला, तर आमचा शेफ कढईसकट फेकायचा. पण चावताना पिठूळ लागून दाताला चिकटत असेल, तर तो कच्चाच.

चीजबद्दल वेटर खरं बोलला. मासळीच्या पास्त्यावर इटलीत सहसा चीज घालत नाहीत, तिसऱ्यांचा नाजूक खारेपणा त्याखाली मरतो. तरीही गिऱ्हाइकाने मागितल्यावर वाटी आणून ठेवायची असते. वाळू काढायला जमलं नाही आणि शिस्त मात्र रोमची!

रिझोट्याचं गुपित सांगतो. आर्बोरिओ किंवा कार्नारोली तांदूळ गरम स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून गाळलेलं पाणी) थोडा थोडा घालत शिजायला सोळा-अठरा मिनिटं लागतात. पाच मिनिटांत आला, म्हणजे आधीच बराचसा शिजवून ट्रेवर पसरून ठेवलेला. तसं आम्हीही करायचो, हजार पानं वाढायची तर इलाज नसतो. पण मग शेवटी स्टॉक, लोणी, चीज घालून तो पुन्हा सैल करावा लागतो. ताट हलवलं की आटवलीसारखा पसरला पाहिजे. गोळा झाला, म्हणजे शेवटची दोन मिनिटं कोणीतरी वाचवली.

आता बिल. सेवा शुल्क परस्पर जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. जीएसटी द्यावाच लागतो, पण बक्षिसी तुमच्या खुशीची. बिल हातात येताच "हे काढा" म्हणायचं. नाही काढलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल जपून ठेवलं असेल, तर आजही फोन करा.

मालकाला वाळूचं जरूर सांगा, पण दुपारची गर्दी ओसरल्यावर, आणि बोलायचं ते वाळूवर आणि रिझोट्यावर. कच्च्या स्पॅगेटीपासून सुरुवात केलीत, तर तो तुम्हालाच शिकवायला बसेल.

आणि यजमानांना म्हणावं, घरी सुक्याऐवजी एकदा हीच स्पॅगेटी करून बघा. शंभर ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी, दहा ग्रॅम मीठ. न उघडलेली शिंपली टाकून द्या. वाइन नसेल तर तिसऱ्यांचा गाळलेला रस पुरतो. उर्राक, आपली काजूची दारू, मात्र घालू नका. बोटीवर एकाने तो प्रयोग केला होता, अख्ख्या किचनाला दोन दिवस काजूचा वास.