जगलेल्या पेशी फेकू नकोस

प्रिय,

कॅन्सरच्या पेशींवर औषध टाकल्यावर बहुतेक पेशी मेल्या, उरलेल्या मोजून फ्लास्क ब्लीच टाकून फेकून दिला, असं तू लिहिलंस. ग्राफ सुरेख आहे. पण तुझा खरा प्रश्न त्या उरलेल्या पेशींत होता.

मेलेल्या पेशी फक्त औषध चालतं एवढंच सांगतात. पेशंटचा आजार उलटतो तो जगलेल्यांमुळे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिब या औषधाला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी आजार उलटलेल्या पेशंटमध्ये कारणही सापडलं: हे औषध ज्याला जाऊन चिकटतं त्या एबीएल प्रथिनात ३१५व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन. एक अमिनो आम्ल बदललं आणि औषधाला बसायला जागाच राहिली नाही. हा बदल असतानाही चालणारं पोनॅटिनिब यायला २०१२ उजाडलं. मधली वर्षं पेशंटनी कशी काढली असतील, याचा विचार मनातून जात नाही.

मग ती पेशी आधीपासून तिथे होती, की औषधामुळे तशी झाली? हे तपासायची रीत लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर दाखवली, ती तुलाही वापरता येईल. मोजक्या पेशींपासून बऱ्याच छोट्या कल्चर वेगवेगळ्या वाढव, मग सगळ्यांना एकाच वेळी औषध दे. काहींत वसाहतींची गर्दी आणि काहींत एकही नाही, असं दिसलं तर बदल आधीच झालेला होता. सगळीकडे साधारण सारख्याच दिसल्या तर औषधाने घडवलेल्या बदलाकडे बघ. तिसरी शक्यता लोक विसरतात. काही पेशींत जनुकीय बदल नसतोच, त्या नुसत्या वाढ थांबवून तग धरतात. औषध बंद करून त्यांना वाढू दे, पुन्हा औषध दे. परत मरू लागल्या तर जनुकं वाचायच्या सिक्वेन्सिंगवर पैसे घालवू नकोस.

औषध दिल्यावर मायक्रोस्कोपखाली फ्लास्क सावकाश फिरवून बघ. मेलेल्या पेशी गोल होऊन तरंगतात, त्यांच्यावरच नजर जाते. फोकस खाली तळाशी आण. एखाद्या कोपऱ्यात चार-पाच पेशी पसरट होऊन चिकटलेल्या दिसतील, कधी नेहमीपेक्षा मोठ्या. तिथे मार्करने खूण कर, मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलत राहा आणि घाई करू नकोस. शेजारी फक्त डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवायचं द्रावक, दिलेला फ्लास्क तितकेच दिवस चालव. तो नसेल तर कुठल्याही रिव्ह्यूअरला, आणि मलाही, तुझं म्हणणं पटणार नाही.

आणि आधी सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेला तुझा पेशींचा वाण, नक्की तीच आहे का ते बघ. शेजारच्या लॅबमधून मागून आणलेल्या व्हायलवर प्रबंध उभा करू नये. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएसची (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरी, म्हणजे पेशींचा साठा, आहे, पुण्यात असून तिचा उपयोग करून घेतला नाहीस तर मला वाईट वाटेल. एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून पेशींची ओळख) आणि मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपून वाढणाऱ्या जिवाणूंची) टेस्ट, दोन्ही करून घे. औषधाचं द्रावण किती दिवस टिकतं, तेही पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमधल्या (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) एखाद्या रसायनशास्त्रज्ञाला विचार. बिघडलेल्या औषधाला पेशी दाद देत नाहीत आणि आपण त्यालाच रेझिस्टन्स, म्हणजे पेशींनी औषधाला दिलेला प्रतिकार, समजून बसतो.

गाइड पेपरची घाई करतील. त्यांना हा प्रयोग कागदावर मांडून दाखव, वाटलं तर मी बोलेन. एसटीआरचा रिपोर्ट आला की मला पाठव, मग किती कल्चर लावायच्या ते बसून ठरवू.