साताऱ्याहून कन्याकुमारीपर्यंत सायकलने जायचे आहे. तयारी कशी करावी?

वय चाळिशीचे, सवय रोज सकाळी पंधरा-वीस किलोमीटरची आणि मनात कन्याकुमारी, तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. साताऱ्याहून बंगळूरमार्गे हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर भरते. हा आकडा काही महिने नजरेआड करावा, असे मला मनापासून वाटते. आज शंभर किलोमीटर चालवल्यावर उद्या सकाळी पुन्हा तेवढेच अंतर कापता येईल का, हा एकच प्रश्न धरून सराव करावा. याचे उत्तर 'हो' असे आले, की कन्याकुमारी हा पंधरा-सोळा दिवसांच्या रजेचा प्रश्न उरतो.

आधी कोरेगावला जाऊन परत येणे अंगवळणी पडू द्यावे. मग एका रविवारी कऱ्हाड गाठून त्याच दिवशी परतावे. हा रस्ता चांगली परीक्षा घेतो, कारण कऱ्हाड साताऱ्यापेक्षा बरेच खाली असल्याने जाताना पाय हलके वाटतात आणि दमलेल्या पायांनी चढ लागतो तो परतताना. त्यानंतर कोल्हापूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत फिरावे आणि सामान पहिल्यापासून सायकलवरच बांधावे. यवतेश्वरच्या घाटातून कासला जरूर जावे, पण तिथे वेगाच्या मागे न लागता हलक्या गिअरवर श्वास सांभाळून चढायला शिकावे. गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागला, तर बहुधा सीट खाली असते. व्यायाम वाढवण्याआधी ती तपासावी.

पंक्चर काढणे घरीच शिकून घ्यावे. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून बाभळीचा काटा शोधावा लागतो. त्याचे टोक आत राहिले, तर नवी ट्यूबही त्याच जागी फुटते.

स्वतःला अजमावण्यासाठी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेले लांब अंतर ठरलेल्या मुदतीत पूर्ण करण्याची सायकलफेरी, उपयोगी पडते. तिची मुदत साडेतेरा तासांची असते आणि चहा, जेवण, पंक्चर हे सारे त्या मुदतीतच धरलेले असते. त्यामुळे लांबच्या प्रवासात वेळ पायांपेक्षा थांब्यांवर किती जातो, हे तिथे नेमके कळते. ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएमच्या मागे मात्र आपण लागू नये. त्यांत रात्रीही सायकल चालवावी लागते आणि आपल्या प्रवासात रात्री झोपायचे आहे.

निघण्याचा महिना विचारपूर्वक ठरवावा. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस साधारण डिसेंबरपर्यंत असतो आणि मार्चपासून ऊन तापू लागते, म्हणून जानेवारी सर्वांत सोयीचा. रजेचा अर्ज त्या हिशेबाने आधीच द्यावा.