चित्रेच्या पोटातली भरती

चित्रा हा एक तारा नसून दोन आहेत आणि ते एकमेकांवर भरती आणतात, असं गेल्या लेखात ओघात लिहून गेलो. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतो.

माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आहे. चित्रा कितीही मोठी करून पाहिली तरी ठिपका एकच. मग दोन तारे कशावरून?

दुर्बिणीला बोल लावू नका. या दोघांमध्ये जेमतेम दोन कोटी किलोमीटर अंतर आहे, म्हणजे सूर्यापासून बुध जितका लांब त्याच्या सुमारे तिसरा हिस्सा. आणि ही जोडी आपल्यापासून अडीचशे प्रकाशवर्षांवर. जर्मनीत पॉट्सडॅमला हेर्मान फोगेल यांनी १८९० मध्ये तिचा छडा लावला तो वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यावरून. चित्रेच्या वर्णपटातल्या रेषा चार दिवसांच्या आवर्तनाने तांबड्या बाजूला आणि परत निळ्या बाजूला सरकत होत्या. तारा दूर जाताना रेषा तांबड्याकडे सरकतात, जवळ येताना निळ्याकडे; ज्याच्या रेषा अशा येरझाऱ्या घालतात तो कुणाभोवती तरी फिरत असणार. थोरला तारा सूर्याच्या सुमारे अकरापट वस्तुमानाचा, धाकटा सातपट.

ताऱ्यावर पाणी कुठे असतं? मग भरती कसली?

भरतीला पाणी लागत नाही. कोकणातल्या खाडीत अमावास्या-पौर्णिमेचं उधाण डोळ्यांना दिसतं म्हणून आपण भरती समुद्राच्या नावावर टाकली, पण पायाखालची जमीनही वीतभर वरखाली होत असते. चंद्राची किंवा जोडीदार ताऱ्याची ओढ जवळच्या बाजूवर जास्त, लांबच्या बाजूवर कमी. या फरकामुळे गोळा ताणला जातो. हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे अंतर निम्मं झालं की ताण आठपट. चित्रेचे तारे इतके जवळ आहेत की थोरला अंडाकृती झाला आहे. तो फिरताना कधी आडवा दिसतो, कधी टोकाकडून, आणि त्यामुळे एका फेरीत प्रकाश दोनदा वाढतो, दोनदा घटतो. फरक काही टक्क्यांचाच, नुसत्या डोळ्यांना न कळणारा.

तारे आपणहूनही स्पंद पावतात असं वाचलं आहे. मग कुठलं स्पंदन ताऱ्याचं स्वतःचं आणि कुठलं जोडीदारानं करवलेलं, हे कसं ओळखतात?

या पत्रांतला सर्वांत चांगला प्रश्न. चित्रेच्या थोरल्या ताऱ्यात पहिला प्रकार नक्की आहे. अशा तप्त ताऱ्यांच्या आत सुमारे दोन लाख अंशांच्या थरात लोह आणि त्याच्या गटातली मूलद्रव्यं आतून येणारा प्रकाश अडवतात. उष्णता साचते, थर फुगतो, वाट मोकळी होते, थर पुन्हा बसतो. या स्पंदनाचा काळ सुमारे चार तास दहा मिनिटं. चार दिवसांच्या फेरीशी त्याचं देणंघेणं नाही.

जोडीदारानं करवलेली स्पंदनं वेगळी. जोडीची कक्षा लंबगोल असते तेव्हा जोडीदार दर फेरीला एकदा जवळ येतो आणि धक्का देऊन जातो. झोपाळ्याला योग्य वेळी हात लावला तर तो चढत जातो, नाहीतर नाही. तसंच ताऱ्याच्या अंगच्या ज्या कंपनाचा ठेका या धक्क्यांशी जुळतो तेवढंच मोठं होतं. म्हणून कसोटी सोपी आहे: कंपनाची वारंवारता फेऱ्यांच्या वारंवारतेच्या पूर्णांक पटीत निघाली तर संशय जोडीदारावर. पटीत नसेल तर ताऱ्याचं आपलं आपण चाललं आहे.

चित्रेनं मात्र एक गंमत केली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिच्या प्रकाशात स्पष्ट मोजलेलं ते चार तासांचं स्पंदन पुढच्या काही वर्षांत विरत गेलं. स्पंदन थांबलं नसेल, ताऱ्याचा अक्ष हळूहळू कलल्यामुळे आपल्याकडून दिसेनासं झालं असेल, असा एक तर्क मांडला गेला. मला तो पटण्याजोगा वाटतो, कारण भरतीमुळे अक्ष खरोखरच वळवला जातो याचं उदाहरण पुढे मिळालं. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एचडी ७४४२३ या ताऱ्याचा स्पंदन-अक्ष चक्क जोडीदाराकडे रोखलेला आहे आणि स्पंदन मुख्यतः एकाच बाजूला दिसतं. दोघांची फेरी दोन दिवसांच्या आत पुरी होते.

‘हार्टबीट’ तारे म्हणजे हेच का?

त्याच घराण्यातले, पण कक्षा खूप लांबोळकी. हृदयाशी संबंध फक्त आलेखाच्या आकारापुरता. जवळ येण्याच्या क्षणी प्रकाशात उठणारा झटका ईसीजीसारखा दिसतो. केप्लर या अंतराळ दुर्बिणीनं पाहिलेला केओआय-५४ हा यातला नामांकित, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. दोन तारे ४१.८ दिवसांत फेरी घेतात, जवळ येताना प्रकाश टक्काभरही वाढत नाही, पण झटका ओसरल्यावर खरी मजा सुरू होते. तारा दणाणतच राहतो, आणि सर्वांत ठळक दोन कंपनं फेरीच्या वारंवारतेच्या बरोबर ९० आणि ९१ पट! वरची कसोटी याहून देखणी उतरलेली मी पाहिलेली नाही.

दुर्बिणीशिवाय असा तारा बघायचा असेल तर मृगात पाहा. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जी तलवार लटकते, तिच्या टोकाचा तारा (आयोटा ओरायनिस) २९ दिवसांची फेरी असलेला हार्टबीट तारा आहे, हे ब्राइट या चिमुकल्या उपग्रहांच्या निरीक्षणांतून कळलं. झटका अर्थातच उपकरणांनाच दिसतो.

हे तारे शेवटी एकमेकांवर आदळणार का?

लगेच नाही. भरतीच्या घर्षणात ऊर्जा खर्च होते, त्यामुळे लंबगोल कक्षा गोल होत जाते आणि तारे जोडीदाराकडे एकच तोंड करून फिरू लागतात. चित्रेची कक्षा अजून पुरती गोल झालेली नाही.

घरून यातलं काय पाहता येईल?

चित्रेचे चढउतार सोडून द्या. हिवाळ्यात संध्याकाळी ययातीतला अल्गोल पाहा. २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद). हे ग्रहण आहे, भरती नव्हे. पण झाकणारा जोडीदार ताणून थेंबाच्या आकाराचा झालेला आहे आणि त्याचं द्रव्य तेजस्वी ताऱ्याकडे वाहतं. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून दर अर्ध्या तासाला प्रत नोंदवा.

संगणकाची आवड असेल तर ताऱ्यांचा प्रकाश मोजणाऱ्या नासाच्या टेस उपग्रहाची मोजमापं सर्वांसाठी खुली आहेत. एचडी ७४४२३ चं वेगळेपण पहिल्यांदा त्यांतूनच हौशी मंडळींच्या नजरेला आलं होतं.