ल्युपिनला हरभऱ्यासारखं वागवा

प्रश्न: पाकिटावरचा फोटो बघून हौसेनं ल्युपिन, म्हणजे उंच तुऱ्यांच्या फुलझाडाचं बी, आणलं आणि जूनमध्ये पेरलं. आमची माती नदीकाठची काळीभोर. १५ पैकी ४ बिया उगवल्या, त्यापण वीतभर झाल्यावर शेंड्याची पानं पिवळी पडली. शेणखत घातलं, चिमूटभर युरिया पण दिला, फरक शून्य. काय चुकलं?
(एक वाचक ताई, मिरज)

उत्तर: ताई, आधी एक सांगते, ल्युपिन हरभऱ्याच्या कुळातलंच आहे, शेंगवर्गातलं, आणि आपल्याकडं त्याला हरभऱ्यासारखंच वागवायचं म्हणजे निम्मे प्रश्न मिटतात. हरभरा आपण जूनमध्ये पेरतो का? नाही ना, मग हेही ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरात पेरा, थंडीत वाढतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत तुरे येतात.

बी उगवत नाही कारण साल टणक असते, पाणी आतच जात नाही. सँडपेपरवर प्रत्येक बी एकदा हलकंसं घासा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, सकाळी ग्लासात बघा, जी टम्म फुगली ती पेरायची, न फुगलेली परत घासायची. आणि पेरायचं थेट जागेवर किंवा खोल कुंडीत, कारण मूळ सरळ खाली जातं. मी पहिल्या वर्षी छोट्या पिशवीत रोपं केली होती, लावताना पिशवी फाडली तर मूळ तळाला स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, त्यातलं एकही रोप धड वाढलं नाही, फार वाईट वाटलं होतं.

आता पिवळेपणा. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, असंच आहे ना? मग ती खताची कमी नाही, चुनखडीचा त्रास आहे. तुमच्यासारख्या काळ्या मातीत चुनखडी असते, अशा रानात लोह असतं पण मुळांना घेता येत नाही, द्राक्षवाल्यांना हे बरोबर माहीत असतं. त्यात बोअरचं जड पाणी घातलं की अजून वाढतं. म्हणून सांगलीच्या काळ्या मातीत जमिनीत लावायचा हट्ट सोडा, फूटभर खोल कुंडी घ्या, तांबडी माती, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा भरा, तळाची भोकं मोठी ठेवा. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तमच. आत्ताची रोपं वाचवायची असतील तर इडीडीएचए चिलेटचं लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं, खताच्या दुकानात याच नावानं मागायचं) मुळाशी द्या, चुनखडीत तेच टिकतं. युरिया बंद, त्यानं नुसता पाला माजतो.

हरभऱ्याचं रायझोबियमचं, म्हणजे मुळावर गाठी करून हवेतला नत्र देणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट मात्र ल्युपिनला लावू नका, त्याचे जिवाणू वेगळे असतात. मुळावर गाठी दिसल्या नाहीत तर थोडं गांडूळखत पुरे.

आणि पाकीट एकदा परत बघा. रसेल लिहिलंय का? यॉर्कच्या जॉर्ज रसेल या माळ्यानं वर्षानुवर्षं निवड करून त्या ल्युपिनचे रंग आणले, १९३७ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात लोकांसमोर ठेवले. सुंदरच आहेत, पण थंड हवेचे. आपल्या सपाटीवर हार्टवेगी हे एका हंगामाचं मेक्सिकोचं ल्युपिन सोपं जातं.

प्रश्न: तुरा निघायच्या वेळेला शेंड्यावर मावा आला आणि पानावर पांढरी भुकटी. बागेतलं गंधक मारू का?
(द्राक्ष बागायतदार, तासगाव)

उत्तर: दादा, ती भुकटी म्हणजे भुरीच, पानावरचा बुरशीचा रोग, तुमच्या ओळखीचा. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालेल, पण सकाळी लवकर, फेब्रुवारीच्या दुपारी मारलं तर पान करपतं. माव्याला आधी पाण्याचा जोराचा फवारा द्या, बरेचसे पडतात, राहिले तर निंबोळी तेल. फक्त तेल आणि गंधक यांच्यात १५ दिवस अंतर ठेवा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रोपं दाट असतील तर विरळ करा, हवा खेळली की भुरी निम्मी होते.

प्रश्न: आमच्याकडं ल्युपिन मस्त फुललं पण जुलैत बुडातून कुजून गेलं.
(पाचगणी)

उत्तर: तुमची जांभ्याची तांबडी माती आणि गारवा ल्युपिनला एकदम मानवतो, मला तर हेवा वाटतो. पण शेजारच्या महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तुमच्याकडं त्याहून कमी असला तरी झोड तीच, त्यात कुठलं बूड टिकणार? वाफा वीतभर उंच करा, बुडाशी खत-पाला ढिगानं लावू नका, आणि झाड वर्षानुवर्षं टिकवायची आशा न धरता दर थंडीला नवीन पेरा. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या.

प्रश्न: शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात, नातू तोडतो. खाल्ल्या तर चालतं का?
(आजी, वाई)

उत्तर: अजिबात नाही आजी. शोभेच्या ल्युपिनच्या बियांत विषारी अल्कलॉइड असतात, शेळ्यामेंढ्यांनाही बाधतात. तुऱ्यातली फुलं सुकली की शेंग धरायच्या आतच दांडा बुडातून कापा, त्यानं बाजूनं छोटे तुरेही येतात. आणि नातवाला शेंगेऐवजी सकाळी पान दाखवा, पंजासारख्या पानाच्या बरोब्बर मधे दवाचा एकच थेंब बसलेला असतो, तो त्याला खूप आवडेल.