फळमाशीत वाय गुणसूत्र नर ठरवत नसेल, तर ते टिकले कशासाठी?

ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर या फळमाशीत मादीला दोन एक्स आणि नराला एक्स-वाय अशी जोडी असली, तरी लिंग ठरते ते एक्सच्या संख्येवरून. म्हणूनच, जनुकशास्त्रज्ञ कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये दाखवल्याप्रमाणे, एक्स-एक्स-वाय माशी मादी निघते आणि वायविना एकाच एक्सची माशी दिसायला पूर्ण नर, पण वंध्य असते. वाय टिकले ते याचसाठी: त्यावरील काही मोजकी जनुके शुक्राणूच्या शेपटीच्या बांधणीला लागतात. गंमत म्हणजे, यांतली बरीच जनुके इतर गुणसूत्रांवरून नंतर येऊन बसलेली आहेत. वायची झीज, म्हणजे त्यावरील जनुके निकामी होत जाणे, चालू असताना पाहायची, तर ड्रोसोफिला मिरांडा ही दुसरी फळमाशी पाहावी; तिच्यात दहा-पंधरा लाख वर्षांपूर्वी एक साधे (लिंगाशी संबंध नसलेले) गुणसूत्र वायला जोडले गेले आणि नरात जोडीतल्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होत नसल्याने त्यावरील कितीतरी जनुके एव्हाना निकामी झाली आहेत.