शेक पिऊन वजन उतरेल का?

प्रश्न : वय ४४, वजन ८६ किलो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतो. जेवणाऐवजी दिवसभर पावडरचे शेक घेतले तर दोन महिन्यांत वजन उतरेल, असं जिममध्ये सांगतात. घ्यावेत का?

उत्तर : आधी गोळीचं बघा. ग्लिमेपिराइड चालू ठेवून जेवण एकदम तोडलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत रोज सुमारे ८५० कॅलरींचे शेक ३ ते ५ महिने दिले, पण मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली थांबवल्या. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांविना आटोक्यात होता, दोन वर्षांनी ३६ टक्के. शेकनंतर २ ते ८ आठवडे नेहमीचं जेवण टप्प्याटप्प्याने सुरू केलं होतं. जिमच्या योजनेत नेमका हाच भाग नसतो, म्हणून वजन परत येतं.

पहिल्या आठवड्यातली घट पाहून हुरळू नका, त्यात बरंचसं पाणीच असतं. फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते.

डॉक्टरांशी बोलेपर्यंत स्वयंपाकघरात हात घाला. फोडणीचं तेल बुधलीतून ओतू नका, चमच्याने मोजा. पोह्याच्या मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे आणखी दीडशेच्या आसपास. भाताची वाटी ठरवा, आधी उसळ आणि कोशिंबीर वाढून घ्या. शेक हवाच असेल तर फक्त धावपळीच्या दिवशी, एका जेवणापुरता. डब्यावरच्या घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेसारखंच झटकन पचणारं स्टार्चचं पीठ) किंवा साखर पहिली असेल तर तो दुकानातच ठेवा.