चार वेळा कॉईल बदलली, गाडी अजून मिसिंग मारते आणि गॅरेजवाला गाडी सोडत नाहीये

साताऱ्याच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय. २०१२ ची पेट्रोल गाडी, ७ महिन्यांत ४ वेळा इग्निशन कॉईल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) गेली, त्यात ३ वेळा तिसऱ्याच सिलिंडरची. काम पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये, १२,३०० रुपये दिलेत, चौथ्या वेळचे ४,१०० द्यायला यांनी नकार दिला तर त्याने गाडीच ठेवून घेतली. मध्यंतरी खंबाटकी घाटात पोरंबाळं गाडीत असताना गाडी झटके मारून जवळजवळ बंद पडली होती. आता विचारतायत की पोलिसात जाऊ का, आणि कॉईल बनवणाऱ्या कंपनीवर केस होईल का.

दादा, आधी गाडी सोडवून आणा. पोलीस बहुतेक हा दिवाणी मामला म्हणून परत पाठवतील, आणि कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम १७० प्रमाणे ज्याने गाडीवर मेहनतीचं काम केलंय त्याला त्या कामाचे रास्त पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घ्यायचा हक्क असतो. काम नीट झालंच नाही असा तुमचा मुद्दा आहे आणि तो चांगला मुद्दा आहे, पण तो भांडून सिद्ध होईपर्यंत गाडी उन्हापावसात उभी राहणार. म्हणून ४,१०० द्या, यूपीआयनेच द्या, आणि त्याच मिनिटाला व्हॉट्सअॅपवर लिहा की "गाडी ताब्यात मिळावी म्हणून हरकत नोंदवून पैसे देतोय, काम सदोष आहे, परतावा मागायचा माझा हक्क राखून." अशाने पैसे दिले म्हणजे काम मान्य केलं असं त्याला नंतर म्हणता येत नाही.

आणि जुन्या कॉईल मागा! तुम्ही लिहिलंय की त्या त्यानेच ठेवून घेतल्यात. हाच तुमचा पुरावा आहे हो. आत्ताची तरी घ्या, पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. देत नसेल तर मागितल्याचा मेसेज तरी असू दे.

आता मुख्य गोष्ट, जी वकीलसुद्धा बऱ्याचदा सोडून देतात. एकाच सिलिंडरची कॉईल पुन्हा पुन्हा जळते तेव्हा दोष सहसा कॉईलच्या बाहेर असतो. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग किंवा प्लगच्या नळीचं सील गळून ऑईल खाली प्लगपाशी साठतं आणि कॉईलचं रबर खराब करतं, किंवा प्लग झिजून गॅप वाढलेला असतो आणि कॉईलला जास्त व्होल्टेज द्यावं लागून तिचं इन्सुलेशन फाटतं, कधी कनेक्टर सैल, कधी अर्थिंग खराब, कधी ईसीएमच (इंजिनाचा कॉम्प्युटर) कॉईलला जास्त वेळ करंट देत राहतो. सीएनजी किट असेल तर प्लगवर आणखी ताण, तुम्ही ते लिहिलं नाहीये. अर्थात नग डुप्लिकेट असणंही शक्य आहे.

म्हणून दुसऱ्या, या गॅरेजशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या, स्कॅनरवर आलेले बिघाडाचे कोड क्लिअर करायच्या आधी त्यांची प्रिंट घ्या, कारण पी०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर मिसफायर, म्हणजे मिसिंग मारतोय, एवढंच कळतं, का होतोय ते तो कोड सांगत नाही. मग तिसऱ्याची कॉईल दुसऱ्यावर टाकून बघायला सांगा. मिसिंग कॉईलबरोबर सरकलं तर कॉईल खराब, तिसऱ्यावरच राहिलं तर प्लग, वायरिंग, कॉम्प्रेशन बघावं लागेल. प्लग काढताना नळीत ऑईल दिसलं तर फोटो. हे सगळं लेटरहेडवर, सही आणि तारखेसकट लिहून घ्या, आणि तपासणीची वेळ पहिल्या गॅरेजला २ दिवस आधी कळवा म्हणजे "माझ्या पाठीमागे केलं" म्हणायला जागा राहत नाही. तोवर मिसिंग मारणारी गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, आणि मग ते नुकसान तुमच्याच निष्काळजीपणावर ढकलतील.

त्या कागदावरून ठरेल की कुणावर जायचं. कॉईलच खराब असेल तर मालातला दोष, मग विकणारा आणि बनवणारा दोघंही, आणि गरज पडली तर ग्राहक आयोग तो नग लॅबला पाठवू शकतो. पण पॅकिंग गळत होतं आणि याने चार वेळा न बघता कॉईलच घातली असं निघालं तर ती सेवेतली त्रुटी, आणि मला तुमची केस तीच वाटते.

"इलेक्ट्रिकल पार्टला गॅरंटी नाही" असं बिलावर छापलंय म्हणून घाबरू नका, ते वाक्य त्याचं निदान न करणं झाकत नाही. पक्कं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथाच आहे, त्यामुळे ज्या दोनदा त्याने बिलाऐवजी नुसता आकडा मेसेज केला ते मेसेज आणि यूपीआय नोंदी जपा. आधी नोटीस, सोबत १९१५ ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, त्याने नाही जुळलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पुण्याला हेलपाटे नकोत, तुम्ही साताऱ्यात राहता म्हणून साताऱ्यातच दाखल करता येते, ऑनलाइनही, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. परतावा, तपासणीचा खर्च आणि त्रासाची थोडी भरपाई मागा. नव्या गाडीचे पैसे मागू नका, त्याने खरी मागणीही हलकी होते.

तो "गाडीच जुनी आहे" म्हणणारच. जुनी आहे हे बघूनच त्याने काम घेतलं होतं. फक्त एक मला खरं सांगा, त्याने कधी पॅकिंग किंवा प्लग बदलू म्हटलं होतं आणि तुम्ही "आत्ता नको, नुसती कॉईल घाला" म्हणालात का? नोटीस लिहायच्या आधी तुमचे सगळे जुने मेसेज वाचून मला ते कळवा.